हाडांत शिरलेलं काम

(स्त्री-आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



किरणोत्सर्ग म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो, अणुभट्टी आठवते. मी आज घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींबद्दल बोलणार आहे.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, ऑरेंज गावी १९१७ पासून तरुण मुली रेडियम मिसळलेल्या रंगाने तबकड्यांवर आकडे काढत. ते अंधारात चमकत. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून नीट करायचं, असं त्यांना शिकवलं होतं. दर वेळी थोडं रेडियम पोटात जाई. त्याच कंपनीतले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या आडोशामागून, चिमट्यांनी रेडियम हाताळत.

शरीर रेडियमला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. त्यातून निघणारे अल्फा कण बाहेरून आपली कातडीही भेदू शकत नाहीत. पण रेडियम हाडात बसलं की शेजारच्या पेशींवर रात्रंदिवस मारा चालू राहतो. पाळी सुटते, मारा सुटत नाही. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात! या मुलींचे दात पडले, जबडे कुजले, हाडं मोडली, रक्त कमी झालं. काहींना पुढे हाडांचा कॅन्सर झाला.

मॉली मॅगिया १९२२ साली, २४ व्या वर्षी गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं सिफिलिस, म्हणजे गुप्तरोग. कामाचा प्रश्न बाजूला पडला, चारित्र्याचा उभा राहिला. १९२७ मध्ये तिचं शव उकरून तपासलं. हाडं किरणोत्सर्गी निघाली. सिफिलिसची खूणही नव्हती.

त्याच वर्षी ग्रेस फ्रायर आणि तिच्याबरोबरच्या चौघींनी कंपनीवर दावा लावला. त्यांत मॉलीच्या दोन सख्ख्या बहिणी होत्या. वकील मिळायलाच ग्रेसला दोन वर्षं लागली होती. १९२८ मध्ये तडजोड झाली : प्रत्येकीला १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. ग्रेस १९३३ मध्ये वारली.

वस्तीत काम करताना मी पाहते, आजारी बाईला नवऱ्याबद्दल विचारतात, बाळंतपणांबद्दल विचारतात. ‘तू काम काय करतेस?’ असं क्वचितच कुणी विचारतं. आपण हा प्रश्न पहिला विचारू या. हाताला काय लागतं? श्वासात, पोटात काय जातं? तिचं उत्तर तारीख घालून लिहून ठेवू या. पुराव्यासाठी कुणाला बहिणीची कबर उकरावी लागू नये.