पाटी आणि पलटण

सैनिक होण्यास काय लागते, असा प्रश्न सातारा-सांगलीकडील कोणत्याही गावच्या पारावर विचारला, तर उत्तर एका शब्दात मिळते : छाती. हे उत्तर खोटे नाही. सैन्यभरतीच्या मैदानावर छाती खरोखरच फीत लावून मोजतात. न फुगविता 77 सेंटीमीटर, आणि श्वास भरून घेतल्यावर आणखी 5. परंतु त्या मैदानाच्या दाराशी दुसरेही एक माप उभे असते, आणि त्याचा विचार पारावर फारसा होत नाही. ते माप पाटीचे. दहावीच्या परीक्षेत प्रत्येक विषयात निदान 33 आणि एकंदरीत निदान 45 टक्के गुण नसतील, तर सामान्य सैनिकाच्या जागेसाठी अर्ज करता येत नाही. मग छाती कितीही रुंद असो, ती मोजण्याचा प्रसंगच येत नाही. या दोन मापांचा एकमेकांशी संबंध काय, आणि घरांनी व शाळांनी त्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सातारा आणि सांगली हे जिल्हे आज दोन असले, तरी त्यांचे कूळ एकच. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज आदी विलीन झालेली संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठी काळी जमीन आणि उसाचे मळे. परंतु पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत पावसाची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. जेथे शेत भरवशाचे नाही, तेथे पलटणीची नोकरी हा अभिमानाचा तसाच चुलीचाही विषय होतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावास लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान परत आले नाहीत. त्यांचे स्मारक गावात उभे आहे. अशा गावात मुलगा चालू लागतो तो जणू पलटणीच्याच दिशेने.

त्या काळी भरती करणारा अधिकारी पाटी विचारीत नसे. हाड मजबूत आहे ना, डोळा साफ आहे ना, एवढे पाहिले म्हणजे झाले. अक्षरे शिकवावयाची असतील तर ती पलटण शिकवी. किंबहुना जुन्या मुंबई इलाख्यातील कित्येक घरांत विद्या शिरली ती पलटणीच्याच दारातून. सुभेदार रामजी सकपाळ यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. ते सैन्यात शिकले, लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले, आणि निवृत्तीनंतर काही काळाने साताऱ्यास राहावयास आले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचा मुलगा भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. पुढे त्या मुलाने जे केले, ते जगाने पाहिले. सैनिक बापाने मुलाच्या हाती बंदुकीऐवजी पुस्तक दिले. पण त्या पुस्तकाची गोडी बापास पलटणीत लागली होती, हे विसरून चालणार नाही.

याच घराण्याच्या इतिहासात मापाची दुसरी, कडू बाजूही दिसते. 1892 च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. काही जाती लढवय्या आणि काही नव्हेत, असे एक शास्त्र तेव्हा रचले गेले होते. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या शिपाईगिरी केली, त्यांच्या मुलांची छाती मोजण्यापूर्वी जात मोजली गेली. ते दार पुन्हा नीट उघडून बेळगावात महार रेजिमेंट उभी राहण्यास 1941 साल उजाडावे लागले. म्हणून सेंटीमीटरचे, सेकंदाचे आणि गुणांचे माप कितीही कठोर वाटले, तरी त्यात एक मोठा न्याय आहे. फितीस जात कळत नाही.

परंतु फितीस आणखीही पुष्कळ गोष्टी कळत नाहीत, आणि तेथेच खरा प्रश्न आहे. मुलाच्या बालपणी घरात दूध होते की नव्हते, शाळेस गणिताचा शिक्षक होता की नव्हता, हे ती विचारीत नाही. महाराष्ट्रातील सामान्य सैनिकासाठी 168 सेंटीमीटर उंची लागते. सैनिकाच्या मुलास 2 सेंटीमीटरची सवलत मिळते, आणि कारकुनी विभागासाठी 162 सेंटीमीटर पुरतात. आता उंची ही काही सहा महिन्यांच्या व्यायामाने कमावता येणारी वस्तू नव्हे. आईबापांकडून आलेला वारसा आणि लहानपणीचे अन्न यांवर ती ठरते. एका सेंटीमीटरने परत फिरलेला मुलगा स्वतःस दोष देत घरी जातो. वस्तुतः त्या सेंटीमीटराचा हिशेब तो पाळण्यात असतानाच लिहिला गेलेला असतो.

आता धावण्याकडे वळू. 1600 मीटर अंतर साडेपाच मिनिटांत कापणारास 60 गुण मिळतात. हे गणित मुलांस फळ्यावर करून दाखविण्यासारखे आहे. साडेपाच मिनिटांचे 330 सेकंद. 400 मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या. म्हणजे दर फेरीस साडेब्याऐंशी सेकंद. यानंतरच्या 15 सेकंदांत पोहोचणाऱ्यांचा गट दुसरा, आणि त्याचे गुण 48. पहिल्या फेरीत जोशाने सुटून तिसरीत धापा टाकणारा मुलगा या थोड्या सेकंदांत 12 गुण घालवितो. चारही फेऱ्या सारख्या वेगाने धावणारा, अंगाने बेताचा असला तरी, त्याच्या पुढे जातो. धावण्याच्या जोडीस आडव्या दांडीवर अंग वर ओढण्याची परीक्षा असते. भरतीची मुले तिला 'बीम' म्हणतात. दहा बीमांस 40 गुण, सहांस अवघे 16. शिवाय नऊ फुटांचा खंदक उडून जावा लागतो आणि नागमोडी फळीवर तोल सांभाळावा लागतो. त्यांस गुण नाहीत, पण ते जमलेच पाहिजे.

या भागास तालमीची परंपरा मोठी. तांबड्या मातीत घटलेली शरीरे ही येथील शान आहे. परंतु तालमीचे बळ आणि भरतीचे बळ एक नव्हे. जड झालेले अंग दांडीवर वर जात नाही, आणि मैलभर धावताना तेच वजन ओझे होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले, ते हलक्या वजनाच्या गटात. चपळाई आणि डावपेच हे त्यांचे भांडवल. आणि ते कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलाचे व कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. तालीम एकीकडे आणि शाळा दुसरीकडे, असा भेद त्यांनी मानला नाही.

कित्येकांस असे वाटते की, शिपायास गणित कशास हवे? त्याने हुकूम ऐकावा आणि पुढे जावे. ही समजूत जुन्या काळची आहे. आजच्या शिपायास नकाशा वाचावा लागतो. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. होकायंत्रावरून दिशा धरताना एका अंशाची चूक झाली, तर किलोमीटरभर चालून गेल्यावर मनुष्य सुमारे साडेसतरा मीटर बाजूस पडतो. दहा अंश चुकला तर तो दुसऱ्याच ओढ्यात उतरतो. रात्र असते, बर्फ असते, आणि मागून सोबती येत असतात. शाळेत ज्यास कोनमापक कंटाळवाणा वाटला, त्याच्या हाती तेथे दहा जणांचे प्राण असतात. बिनतारी यंत्रावर संदेश घेणे, औषधाची मात्रा पाहणे, यंत्राच्या सूचना वाचणे, या सर्वांस शाळेचीच विद्या लागते. 45 टक्क्यांची अट घालणाऱ्याने शिपायाकडून पांडित्य मागितलेले नाही. एवढेच पाहिले आहे की, शिकविलेले त्यास शिकता येते.

2023 साली भरतीचा क्रमही बदलला. पूर्वी मुले आधी मैदानावर जात आणि लेखी परीक्षा शेवटी होई. आता संगणकावरील लेखी परीक्षा पहिली. तीत उतरेल त्यासच मैदानावर बोलावणे. सामान्य सैनिकासाठी एका तासात पन्नास प्रश्न सोडवावे लागतात : सामान्य ज्ञान, विज्ञान, गणित आणि तर्क. उत्तर चुकले तर मिळालेल्यातूनही काही गुण वजा होतात. या बदलाने गर्दी कमी झाली, हजारो मुलांची उघड्यावरची रात्र वाचली, हे चांगलेच झाले. परंतु ज्या मुलाने तीन वर्षे पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धाव घेतली, तो आता धावण्यापूर्वीच थांबतो. शेकडेवारीचे गणित न सुटल्यामुळे त्याचे पाय कोणी पाहतच नाही. खेड्यातील शाळेत विज्ञानाचा तास रिकामा गेला, तर त्याची किंमत आता अशा ठिकाणी मोजावी लागते.

वयाचे मापही निष्ठुर आहे. साडेसतरा वर्षांपूर्वी प्रवेश नाही, आणि वरची मर्यादा ओलांडली की पुन्हा प्रवेश नाही. 2020 ते 2022 या काळात साथीमुळे भरतीचे मेळावे बंद राहिले. मुले धावत राहिली आणि वय त्यांच्या पुढे धावत राहिले. 2022 च्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा 21 ही मर्यादा त्या एका वर्षापुरती 23 करण्यात आली. तरीही कित्येकांची वेळ टळून गेलीच.

या योजनेने शिक्षणाचा प्रश्न अधिकच निकडीचा केला आहे. तिच्याखाली घेतलेला शिपाई चार वर्षे सेवा करतो, आणि त्यानंतर शंभरांतील पंचवीसांपर्यंतच कायम होतात, असा तिचा मूळ नियम. म्हणजे चारांतील तिघे ऐन पंचविशीच्या आत घरी परततील. जुना हवालदार निवृत्तिवेतन घेऊन परते आणि गावात मानाने राही. हा तरुण काही रक्कम घेऊन परतेल. पण पुढचे चाळीस वर्षांचे आयुष्य त्यास शाळेत मिळविलेल्या विद्येच्या आणि सैन्यात मिळविलेल्या शिस्तीच्या बळावर काढावयाचे आहे. भरतीपुरते 45 टक्के मिळवून ज्याने पुस्तक फेकून दिले, त्यास त्या दिवशी ते पुन्हा शोधावे लागेल.

या प्रांताने हा धडा पूर्वीच गिरविला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि 1924 साली तिचे ठाणे साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, श्रम करून शिकत. कुदळ आणि पुस्तक एकाच हातात शोभतात, ही त्यांची शिकवण. पुढे 23 जून 1961 रोजी देशातील पहिली सैनिक शाळा निघाली, तीही साताऱ्यातच. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण हे आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावचे.

त्या शाळेचे विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक यांस नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्याच्या रानात अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक या दोन मुलांच्या आई. सैन्याच्या वयोमर्यादेतून त्यांस सूट मिळाली. पण मुलाखतीची कसोटी त्यांनी उत्तीर्ण केली, चेन्नईच्या प्रबोधिनीतील खडतर प्रशिक्षण आपल्याहून कितीतरी लहान मुलींच्या बरोबरीने पुरे केले, आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या अधिकारी झाल्या. माप म्हणजे काय, आणि मनुष्य ते कशाच्या बळावर पुरे करतो, हे यावरून कळते.

श्रोतेहो, शहरातील सुशिक्षित घरांस हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही. शाळांचे चालक, शिक्षक, डॉक्टर हे याच घरांतून येतात. आठवी-नववीच्या मुलांची दरवर्षी एकदा नीट तपासणी झाली, तर किडलेले दात, मळाने भरलेले कान आणि अशक्तपणा वेळेवर दुरुस्त होईल. मग ऐन भरतीत त्यासाठी परत फिरावे लागणार नाही. रंग ओळखता न येणे किंवा सपाट पाऊल यांसारखे दोष आधीच कळले, तर मुलाची तीन वर्षे आणि बापाचे पैसे वाचतील, आणि तो वेळीच दुसरी वाट धरील. गणिताचा एक तास मन लावून घेणारा शिक्षकही देशाच्या सीमेचे रक्षणच करीत असतो. आणि पैसे घेऊन भरतीची हमी देणारा, किंवा दम वाढविण्यासाठी सुई टोचणारा कोणी भेटला, तर त्यास दाराबाहेर ठेवणे हे घरातील वडील माणसांचे काम आहे.

शेवटी, जो मापात बसला नाही त्याच्याविषयी. मैदानावर जेवढे येतात, त्यांतले थोडेच घेतले जातात. बाकीचे सर्व संध्याकाळच्या एस्टीने गावाकडे परततात. त्यांच्या हाती नेमणुकीचा कागद नसतो, पण त्यांनी कमावलेला दम, पहाटे उठण्याची सवय आणि पाठ केलेले धडे त्यांच्यापाशी असतात. फितीने एवढेच सांगितलेले असते की, हा मुलगा या एका कामास घेता येत नाही. तो कोणत्याच कामाचा नाही, असे तिने म्हटलेले नसते. ते वाक्य बहुधा घरी आल्यावर त्यास ऐकावयास मिळते. एवढे एक वाक्य घरांनी उच्चारले नाही, तरी देशाचे पुष्कळ बळ वाया जावयाचे वाचेल.