प्रोसेसरचा ताप आणि दाण्याएवढा लेप
(फुलचूर येथे पालक-विद्यार्थी सभेत दिलेले भाषण)



आजचा विषय आपणांस थोडा चमत्कारिक वाटेल. लहानशा ट्यूबमधील एका मलमाविषयी मी बोलणार आहे. परंतु ज्या घरात पै-पै साठवून एक संगणक घेतला आहे, आणि घरातला मुलगा तो ‘आणखी थोडा पळवून’ पाहण्याच्या खटपटीत आहे, त्या घराशी या मलमाचा फार जवळचा संबंध आहे.

पळविणे म्हणजे काय? प्रोसेसर सेकंदाला किती ठोके देणार, हे कारखान्यात ठरलेले असते. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके. ही गती आपल्या हाताने वाढविली की त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गती वाढली की बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते आणि खरी मेख तिथेच आहे. उष्णता गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १०-१० टक्क्यांनी वाढवा. १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे १.३३. वेग वाढला १० टक्के, उष्णता वाढली ३३ टक्के! आता हा सौदा कितपत फायद्याचा, ते ज्याचे त्याने ठरवावे.

ही उष्णता बाहेर नेण्यासाठी प्रोसेसरवर तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्यावर पंखा बसवितात. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र नांगरलेल्या बांधीसारखे असतात. त्या खाचांत हवा राहते, आणि हवेसारखा आळशी उष्णतावाहक नाही. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, अ‍ॅल्युमिनियमची २३७, तर हवेची अवघी ०.०२६. (एकक : वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन. अकरावी-बारावीच्या मुलांनी वहीत लिहून घ्यावे.) ही हवा हाकलून तिची जागा घेणे, एवढेच या लेपाचे काम.

बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात. पहिला साधा पांढरा लेप, सिलिकोनमध्ये झिंक ऑक्साइडची पूड घातलेला. त्याचा आकडा १ च्या आसपास. दुसरे करड्या रंगाचे, अधिक चांगले लेप. आर्क्टिक कंपनीच्या ‘एमएक्स-४’साठी ८.५ आणि थर्मल ग्रिझलीच्या ‘क्रायोनॉट’साठी १२.५ असा आकडा कंपन्यांनी दिलेला आहे. हे आकडे विकणाऱ्यांचे आहेत, हे विसरू नये. तिसरी जात द्रवधातूची; तिच्याकडे नंतर येतो.

मुले विचारतात, “सर, १२ वाला घेऊ की ८ वाला?” चला, गणितच करू. प्रोसेसर १०० वॅटचा, पृष्ठभाग ३ सेंटिमीटर चौरसाचा, लेपाचा थर ०.०५ मिलिमीटर. या थराच्या दोन बाजूंतील तापमानाचा फरक १ आकड्याच्या लेपात साडेपाच अंश येतो, ८ च्या लेपात ०.७ अंश, १२ च्या लेपात ०.४६ अंश. म्हणजे १ वरून ८ वर गेल्यास सुमारे पाच अंशांची बचत, आणि ८ वरून १२ वर जादा पैसे मोजून गेल्यास पाव अंशाची! चिपच्या लहानशा भागातूनच बरीचशी उष्णता येत असल्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा अधिक पडतो, पण क्रम तोच राहतो. उलट तोच ८ चा लेप पोळीवर तूप थापावे तसा अर्धा मिलिमीटर जाड लावा. फरक सात अंशांवर जातो. म्हणजे महाग लेप जाड लावणाऱ्यापेक्षा साधा पांढरा लेप पातळ लावणारा शहाणा. मधोमध दाण्याएवढा थेंब ठेवून हीटसिंक सरळ दाबावा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. दातांची पेस्ट लावून काम भागते असे कोणी सांगेल. भागते, पण त्यातले पाणी सुकेपर्यंतच.

आता द्रवधातू. यात मुख्यतः गॅलियम असते. मेंडेलिव्हने १८७१ साली आवर्तसारणीतील रिकाम्या जागेवरून या मूलद्रव्याचे भाकीत केले आणि १८७५ साली ते फ्रान्समध्ये सापडले. २९.८ अंशांवर ते वितळते, म्हणजे आपल्या गोंदियाच्या उन्हाळ्यात ते बशीत ठेवले तरी पाणी होईल. त्यात इंडियम व कथील मिसळले की थंडीतही द्रव राहते. उष्णता वाहण्यात इतर सर्व लेप याच्यापुढे फिके. परंतु मित्रहो, ते वीजही वाहते; थेंब सर्किटवर ओघळला की बोर्ड गेलाच समजा. शिवाय गॅलियम अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करून टाकते. स्वस्त हीटसिंक बहुधा अ‍ॅल्युमिनियमचेच असतात. म्हणून पालकहो, मुलाने ‘लिक्विड मेटल’ मागितले, तर हीटसिंकचा तळ कशाचा आहे, हे आधी विचारावे.

पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात उष्णता थेट द्रवाने वाहून नेण्याची सोय केली आहे. आपल्याकडे असतो पंखा, आणि पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. लेप थंडावा निर्माण करीत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर ४३ अंशांच्या खोलीत ९३ च्या घरात जाणार. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच गती कमी करतात. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी पळविलेला संगणक न पळविलेल्याइतकाच, कदाचित त्याहूनही हळू चालेल. पाण्याच्या कूलरचा दमट झोत थेट संगणकावर सोडू नये. डब्यातली धूळ आधी झाडावी, जुना वाळलेला लेप स्पिरिटने पुसून नवा लावावा आणि गती वाढविण्याचा प्रयोग करायचाच, तर तो डिसेंबरात करावा.