खांद्यावरचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



फिलिपिन्समधील घरांविषयी बोलण्याचा मनोदय मी कळविला, तेव्हा आपल्या कार्यवाहांनी हसून विचारले, "इतक्या दूर कशाला जाता?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी व्याख्यानाच्या अखेरीस देईन. तोवर आपण मजवर विश्वास ठेवावा, ही विनंती.

फिलिपिन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. मुसळधार पाऊस, सागरी तुफाने आणि धरणीकंप हे तिथले नित्याचे पाहुणे. अशा भूमीत माणसाने प्रथम जे घर बांधले त्याला 'बहाय कुबो' म्हणतात. बांबूचे खांब, कामट्यांची जमीन, कुडाच्या भिंती आणि नीपा नावाच्या पाणथळीतल्या ताडाच्या पानांनी शाकारलेले उतरते छप्पर. घर जमिनीपासून पुरुषभर उंच. खालच्या मोकळ्या जागेला 'सिलोंग' म्हणतात. तिथे कोंबड्या-डुकरे, अवजारे, सरपण. कामट्यांच्या फटींतून वारा वर येतो आणि सांडलेले पाणी खाली जाते. खिडकीचे झडप वर उचलून काठीने टेकू दिला की ऊन अडते, वारा अडत नाही. उत्तर लुझॉनच्या डोंगरांतील इफुगाव लोकांचे घर चार दणकट लाकडी खांबांवर खिळ्याविना उभे असते आणि प्रत्येक खांबाला उंदीर चढू नये म्हणून लाकडी चकती बसविलेली असते. कारण भाताची साठवण घरातच.

या हलक्या घराचा एक गुण विलक्षण होता. ते उचलता येत असे! जागा बदलायची झाली की घराखाली लांब बांबू घालायचे, शेजारीपाजारी जमायचे आणि अख्खे घर खांद्यावर घेऊन निघायचे. मजुरी नाही, यजमानाने जेवू घातले की झाले. या चालीला 'बायानिहान' म्हणतात. 'बायान' म्हणजे गाव, समाज. घर एकाचे, खांदे गावाचे.

१५६५ पासून स्पॅनिश सत्ता स्थिरावू लागली. १५८३ साली मनिलात गव्हर्नरच्या अंत्यविधीसाठी चर्चमध्ये लावलेल्या मेणबत्त्यांमुळे आग लागली आणि लाकूड-पानांचे ते शहर भस्मसात झाले. त्यानंतर दगड आणि कौले आली. आगीचे भय कमी झाले, परंतु धरणीकंपाचे वाढले. १६४५ च्या भूकंपाने मनिलातील दगडी वास्तू धडाधड कोसळल्या. तेव्हा गवंडी-सुतारांनी, आणि त्यांत चिनी कारागीरही पुष्कळ होते, एक शहाणपणाची तडजोड केली. खालचा मजला दगडी, वरचा लाकडी. आणि वरच्या मजल्याचा भार दगडी भिंतींवर न टाकता जमिनीत रोवलेल्या कठीण लाकडाच्या खांबांवर. दगडी भिंत म्हणजे नुसता अंगरखा, हाडे लाकडाची. धरणी हलली की खांब डोलत, घर तगून राही. याच घराला 'बहाय ना बातो', म्हणजे दगडाचे घर, हे नाव पडले. नाव दगडाचे, प्राण लाकडाचा! नीट पाहिले तर हे पोशाख बदललेले कुबोच होय. माणसे वरच राहत. खाली सिलोंगच्या जागी घोडागाडी व कोठार. पुढे १८६३ व १८८० च्या भूकंपांनंतर जड कौलेही मागे पडून पन्हाळी पत्रे आले.

या घरांच्या सरकत्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ, चौकोनी तावदाने असत. त्यांतून दुधासारखा मंद उजेड येतो. गोव्यातील जुन्या घरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा उजेड सांगावा लागणार नाही. तिथेही याच जातीच्या शिंपल्यांची तावदाने होती, काही ठिकाणी आजही आहेत. माझ्या आजोळच्या ओटीवर दुपारी असाच उजेड पडे. खिडकीच्या उंबऱ्याखाली आणखी एक लहान झरोका ठेवण्याची फिलिपिनो युक्ती मात्र त्यांची स्वतःची: वादळात वरची खिडकी लावली तरी जमिनीलगत वारा खेळत राहतो.

१८९८ नंतर अमेरिकनांबरोबर सिमेंट-काँक्रीट आले. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमधील लढाईत मनिला बेचिराख झाले आणि सुमारे एक लाख नागरिक मृत्यू पावले. तटबंदीच्या आतील जुन्या नगरात १६०७ साली पूर्ण झालेले सान आगुस्तीनचे चर्च तेवढे उभे राहिले. विगान हे गाव सुदैवाने वाचले. १९९९ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. १९४६ च्या स्वातंत्र्यानंतर लेआन्द्रो लोक्सिन या वास्तुशिल्पज्ञाने १९६९ साली मनिलाच्या सांस्कृतिक केंद्राची प्रचंड काँक्रीटची वास्तू जमिनीवरून अधांतरी उचलल्यासारखी उभी केली. जाणकारांना तिच्यात खांबांवरचे कुबो दिसते.

आता कार्यवाहांच्या प्रश्नाकडे येतो. बाताआन प्रांतात, समुद्रकाठच्या बागाक गावी, देशभरातील मोडकळीला आलेली जुनी घरे सुटी करून, नेऊन, पुन्हा उभारण्यात आली आहेत. त्यावर तिथे मोठा वाद आहे. एक पक्ष म्हणतो, नाहीतर ती पडलीच असती. दुसरा म्हणतो, गाव सोडलेले घर हे घर नव्हे, प्रदर्शन होय. मंडळी, हा वाद आपला नाही काय? आपणही गावाहून सुटे होऊन आलेले आणि इथे पुन्हा जोडलेले लोक आहोत.

आपले हे कौलारू सभागृह पाडून तिथे तीन मजली इमारत बांधावी, असा ठराव येत्या सभेपुढे आहे. मी त्याच्या विरुद्ध नाही. वासे किडले आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. माझे मागणे एवढेच, की पाडण्यापूर्वी या वास्तूची मोजमापे घेऊन नकाशे काढावेत, आणि ज्या समोरासमोरच्या खिडक्यांमुळे वैशाखातही इथे पंख्याविना कीर्तन ऐकता येते, त्या नव्या इमारतीत जागच्या जागी असाव्यात. फिलिपिनो माणसाने चारशे वर्षे साहित्य बदलले, वारा येण्याची वाट बदलली नाही.

आणि दुसरे मागणे. ही वास्तू पन्नास वर्षांपूर्वी वर्गणी काढून, स्वतः विटा वाहून सभासदांनी उभी केली. नव्या इमारतीचा भार एखाद्या मोठ्या देणगीदारावर सोपवून आपण मोकळे होऊ नये. प्रत्येक घराने आपला खांदा द्यावा, मग तो कितीही लहान असो. कारण अनेकांनी मिळून उचललेले घरच दूरवर नेता येते.