निवेदकाची नजर



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, ते शिक्षक होते. म्हणून एका शिक्षकाचीच कादंबरी मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. निवेदक एखाद्या स्थळाकडे कसा पाहतो, यावरून तो स्वतः कोण आहे हे उमगते, एवढाच माझा मुद्दा आहे.

वैनगंगेकाठच्या आपणांस हे कठीण वाटू नये. आपल्या जंगलात लाकडाचा ठेकेदार घनफूट मोजतो. मोह वेचणारी बाई झाडाखालची जमीन न्याहाळते. जंगल एकच, परंतु त्याचे वर्णन ऐकले की बोलणारा ओळखू येतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) निवेदक औंध संस्थानातील तरुण मास्तर आहे. धनगरांच्या वाडीवर तो येतो, तेव्हा त्याला दिसतो उजाड माळ आणि मुलांवाचूनची शाळा. मुले मेंढरांमागे गेलेली असतात. या पहिल्या दर्शनात वाडीपेक्षा त्याचे कोवळे वय आणि एकटेपणच अधिक आहे. पुढे तो लोकांच्या अडीअडचणींत गुंततो, तालीम बांधण्यास पुढाकार घेतो. मग पाऊस, गवत, मेंढरे हा त्याच्याही काळजीचा विषय होतो. अखेरीस दुष्काळ पडतो, माणसे जगायला बाहेर पडतात, आणि वाडी पुन्हा ओस दिसते. आरंभीचे ओसाडपण परक्याने पाहिलेले होते. शेवटचे घरच्या माणसाने सोसलेले आहे. मास्तर किती बदलला, हे या दोन ओसाडपणांतील अंतरच सांगते.

याउलट भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पाहा. खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या या तरुणाच्या तिरकस नजरेतून पुण्याइतकेच त्याचे तुटलेपण दिसते. तो बनगरवाडीवर गेला असता, तर ती वाडीच निराळी झाली असती.

विद्यार्थिमित्रांनो, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मध्य प्रदेशाबाहेर गेले, बालाघाट येथेच राहिले. मराठी, पोवारी, हिंदी आणि गोंडी एकाच बाजारात ऐकू येणारा हा मुलूख मराठी कथेत फारसा आलेला नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी तो लिहील. बैगांचे घर त्याला केवळ चित्रासारखे सुंदर दिसले, तर वाचकाला घरातली माणसे भेटणार नाहीत. भेटेल तो दारावरून पुढे गेलेला प्रवासी. भरवेलीच्या मँगनीज खाणीत त्याला नुसता काळा दगड दिसला, तरी तेच होईल.

म्हणून लिहिण्याआधी थांबावे, जवळ जावे, विचारावे. आपण काय पाहिले, यातच आपण कोण आहोत हे लिहिले जाते.