‘टन’ आणि ‘वाडा’ : दोन कुंपणांची गोष्ट

आज बोलूया ‘टन’वर. वजनातला टन नाही हं. वॉशिंग्टन, वेलिंग्टन, केन्सिंग्टन या नावांच्या शेवटी येतो ना, तो इंग्रजी प्रत्यय.

जुन्या इंग्रजीत ‘टून’ असा शब्द होता. मुळात अर्थ कुंपण. मग कुंपण घातलेली जागा, मग तिथली घरं-शेतं, आणि शेवटी अख्खं गाव. आजचा ‘टाऊन’ त्याचाच. त्याच मुळातून जर्मनमध्ये ‘त्साऊन’ आला, तो अजूनही कुंपणच. डचमध्ये मात्र त्याची झाली बाग.

वॉशिंग्टन हे आधी इंग्लंडमधलं एक गाव. मधल्या ‘इंग’चा अर्थ ‘अमक्याची माणसं’. म्हणजे अमक्याच्या माणसांचं कुंपण! गावावरून आडनाव पडलं, जॉर्ज वॉशिंग्टनच्या आडनावावरून राजधानी.

आता या आपल्या माजिवडा नाक्यावर. कुणी माजिवडा लिहितं, कुणी माजिवाडा. हा ‘वाडा’ येतो संस्कृत ‘वाट’वरून. चालायची वाट नाही, हा ‘वाट’ म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा. घोटकचा घोडा झाला, घटचा घडा झाला, तसाच वाटचा वाडा.

आणि अर्थ कसे पसरले बघा. मेंढ्यांचा वाडा हे साधं कुंपण. नारळाची वाडी ही बाग. चेंदणी कोळीवाडा ही वस्ती. शनिवारवाडा तर थेट पेशव्यांचं घर! कुंपण, बाग, वस्ती : ‘टून’ने जो प्रवास युरोपात केला, तोच ‘वाट’ने इथे केला. दोन्ही शब्दांचं मूळ वेगळं आहे, पण माणसाची गरज एकच. आधी कुंपण घालायचं, मग आत संसार मांडायचा.

डोंबिवली-बोरिवलीतली ‘वली’ मात्र वेगळी. ती ‘पल्ली’ची, म्हणजे छोट्या वस्तीची. तिरुचिरापल्लीतली तीच. इंग्रजी ‘व्हिल’शी तिचं नातं नाही.

हे सगळं कशाला सांगतोय? कारण टॉवरला इंग्रजी नाव मिळालं की पत्त्यातून माजिवडा हळूच गळतो, उरतं फक्त ‘ठाणे वेस्ट’. ‘टन’ भारी वाटतो आणि ‘वाडा’ गावठी. अरे, अर्थ तर एकच आहे! नाव वापरात राहिलं तरच त्यातली गोष्ट राहते. पुढचं पार्सल मागवताना पत्त्यात माजिवडा नक्की टाका.

आणि हो, तुमच्या गावाच्या नावाचं शेपूट कोणतं? वाडी, पाडा, खुर्द की बुद्रुक? कळवा. भेटू पुढच्या भागात!