लाव्हाच्या कड्याखालीं एक दिवस

समुद्रावरून दूरचा प्रवास करणाऱ्या माणसाला जमिनीवर उतरून घालविलेला एक दिवस महिन्याच्या मोलाचा वाटतो, असें प्रवासवर्णनांतून आपण नेहमीं वाचतों. त्यांत अतिशयोक्ति पुष्कळ असते. परंतु एका मुक्कामाची हकीकत अशी आहे कीं, तिच्यांत अतिशयोक्तीला जागा नाहीं. तीच आज आपणांस सांगावी म्हणतों.

सन १८३२ च्या जानेवारीची १६ तारीख. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरांत केप व्हर्द नांवाचीं बेटें आहेत. तीं त्या काळीं पोर्तुगिजांकडे होतीं. १९७५ सालीं स्वतंत्र झालीं. त्यांतील सांतियागो बेटाच्या प्राया बंदरांत ‘बीगल’ हें इंग्रजी शिडाचें जहाज येऊन नांगरलें. लांबी अवघी नव्वद फूट, आणि त्यांत सत्तरांहून अधिक माणसें! त्यांपैकीं एक चार्ल्स डार्विन, वय वर्षें बावीस.

हें नांव आज शाळेंतील मुलांनाही ठाऊक आहे. त्या दिवशीं मात्र तो एका काळजींत पडलेल्या बापाचा मुलगा होता, एवढेंच. वैद्यक शिकावयास एडिंबरोस पाठविला, तें त्यानें अर्ध्यावर सोडलें. मग धर्मोपदेशक तरी व्हावें म्हणून केंब्रिजला ठेविला. तेथें भुंगे गोळा करण्यांत त्याचा जीव अधिक रमला. आणि पदवी मिळते न मिळते तोंच हें जहाजाचें खूळ निघालें! वडिलांनीं स्पष्ट नकार दिला. शेवटीं मामांनीं मध्यस्थी केली, तेव्हां परवानगी मिळाली. मामा हें नातें सर्व देशांत सारखेंच असावें.

२७ डिसेंबर १८३१ रोजीं जहाज निघालें आणि त्याला समुद्र लागला, तो असा कीं मनुका आणि बिस्किटें याखेरीज पोटांत कांहीं ठरेना. ज्या तेनेरीफ बेटाचीं स्वप्नें तो केंब्रिजमध्यें पाहत असे, तें बेट समोर दिसूं लागलें. परंतु इंग्लंडांतून पटकी येईल या भीतीनें तेथील अधिकाऱ्यांनीं बारा दिवस कोणास उतरूं देण्याचें नाकारलें. कप्तान फिट्झरॉय यांनीं तात्काळ शिडें फिरविलीं. या मुलाला काय वाटलें असेल! वडिलांचेंच म्हणणें खरें ठरतें कीं काय, ही शंका मनांत आल्यावांचून राहिली नसेल.

म्हणून प्राया येथें पाय टेकले, तेव्हांचा त्याचा आनंद समजण्यासारखा आहे. बेट तसें रुक्ष. परंतु एका दरींत शिरतांच चिंचा, केळी, ताड दिसूं लागले. चिंचेचें झाड आम्हांस शाळेच्या आवारांत रोजचें. त्याला तें प्रथमच भेटत होतें. संत्र्यांवर त्यानें ताव मारला. केळें मात्र त्याला मुळींच आवडलें नाहीं. गुळमट आणि बेचव वाटलें. वसईकडील श्रोत्यांनीं हें मनाला लावून घेऊं नये.

जहाजावरील बाकी सर्वांना कामें होतीं. रेखांश ठरविण्यासाठीं बरोबर बावीस घड्याळें आणलीं होतीं. कप्तानांनीं जवळच्या एका चिमुकल्या बेटावर तंबू ठोकून वेध घेण्यास आरंभ केला. डार्विनला असें नेमून दिलेलें काम नव्हतें. तो जहाजाचा नोकरच नव्हे; आपल्या जेवणाचा खर्च स्वतःच देत असे. तेव्हां खरा मोकळा तोच. ओहोटीच्या वेळीं खडकांतील डबक्यांत तो तासन् तास वांकून पाही. तेथें त्याला ऑक्टोपस भेटला, म्हणजे आपल्या कोळ्यांच्या माकुलाचा भाऊबंद. जसा तळ तसा तो रंग पालटी, आणि वांकून पाहणाऱ्याच्या तोंडावर पाण्याची पिचकारीही मारी! आपण मोठा शोध लावला असें समजून त्यानें आपले गुरु हेन्स्लो यांना तें कळविलें. तें आधींच माहीत आहे, असें गुरुजींचें उत्तर आलें. मींही आयुष्यभर मुलांना, “अरे, हें पुस्तकांत आहे,” असें सांगत आलों. तें जरा कमी सांगावयास हवें होतें, असें आतां वाटतें.

एके दिवशीं तो कप्तानांबरोबर एक प्रचंड गोरखचिंच पाहावयास गेला. वसई-मुंबईकडेही हे वृक्ष आहेत. मूळचे ते आफ्रिकेचे. कप्तानांनीं आधीं यंत्रानें कोन घेऊन उंची काढली, मग स्वतः झाडावर चढून दोरी खालीं सोडली. दोन्ही रीतींनीं पंचेचाळीस फूट! बुंध्याचा घेर पस्तीस फूट भरला.

आतां त्या कड्याविषयीं. बंदरांत शिरतांनाच किनाऱ्याच्या काळ्या कड्यांत एक पांढरा पट्टा दिसतो. तो पाण्यापासून सुमारें पंचेचाळीस फुटांवर असून मैलोगणती जवळ जवळ आडवा गेलेला आहे. डार्विननें जाऊन पाहिलें, तों पट्टा चुन्याचा, आणि त्यांत समुद्रांतील शिंपले! वर लाव्हाचा थर, खालीं जुना ज्वालामुखीचा खडक. आपला सह्याद्रिही लाव्हाच्याच थरांचा, तेव्हां काळ्या पाषाणाची आपणांस अपूर्वाई नाहीं. परंतु दोन काळ्या थरांच्या मध्यें शिंपले कसे आले?

जहाज सुटण्यापूर्वीं कप्तानांनीं त्याला लायल यांच्या भूगर्भशास्त्राचा १८३० सालीं निघालेला पहिला खंड दिला होता. हेन्स्लो यांनीं बजाविलें होतें कीं, ग्रंथ अवश्य वाच, पण त्यांतील मतें स्वीकारूं नकोस. पृथ्वीचीं मोठालीं स्थित्यंतरें एखाद्या प्रलयानें होत नाहींत. आज आपल्या डोळ्यांदेखत चाललेल्या कारणांनींच, हळूहळू होतात, असें लायल यांचें म्हणणें. कड्यापुढें उभा राहून डार्विन तें ताडून पाहूं लागला. शिंपल्यांचा थर एकदां समुद्राचा तळ असला पाहिजे. त्यावरून तापलेला लाव्हा वाहत गेला. त्या उष्णतेनें चुना भाजून कठीण झाला. मग सारा किनारा वर उचलला गेला. तो एका धक्क्यानें उचलला असता, तर पट्टा मोडला-तुटला असता. तो तर मैलोगणती अखंड! पुढें असेंही दिसलें कीं, जुन्या ज्वालामुखींच्या मुखांजवळ हा पट्टा खालीं वांकतो. अर्थात् तेथील जमीन मागाहून खचली. गुरुजींनीं नको म्हटलेलें मतच खडक त्याला सांगत होता.

याच मुक्कामांत एका बुटक्या लाव्हाच्या कड्याखालीं विसावा घेत असतां त्याच्या मनांत आलें कीं, ज्या ज्या देशांत जाऊं तेथील भूगर्भावर आपल्यालाही एखादें पुस्तक लिहितां येईल. त्या विचारानें अंग कसें शहारून गेलें, हें त्यानें १८७६ सालीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, आपल्या मुलांसाठीं लिहून ठेविलें आहे. मधल्या काळांत त्याचे ग्रंथ जगभर गाजले होते, वादही पुष्कळ झाले होते. तरी तो कडा, तें रखरखीत ऊन, जवळचीं चार ओसाड रानांतलीं झुडपें आणि पायांशीं डबक्यांतलीं जिवंत पोंवळीं त्याच्या नजरेसमोर तशींच होतीं. आमच्या वयाच्या माणसांना हें पटेल. कालचें जेवण आठवत नाहीं, पण असा एखादा दिवस आठवतो. तें पुस्तक, ज्वालामुखीच्या बेटांविषयींचें, १८४४ सालीं निघालें.

तेवीस दिवसांचा मुक्काम आटोपून जहाज निघालें. बेट मागें पडतांच, ८ फेब्रुवारीस, त्यानें वडिलांना पत्र लिहावयास घेतलें. तें पुरें व्हावयास ब्राझील उजाडलें. त्यांत समुद्र लागल्याचें रडगाणें आहे. आणि ज्वालामुखीच्या प्रदेशांत दगड पाहत हिंडण्यांत केवढा आनंद आहे, हेंही त्यानें लिहिलें आहे.