चूक कुणाच्या पायाची?

(वाहन चालवणाऱ्या स्त्रियांच्या एकदिवसीय मेळाव्यात, शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एका मैत्रिणीनं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

मला भाषणाची सवय नाही. मागच्या सीटवरच्या पोरांना गप्प करायला जेवढं बोलावं लागतं, तेवढंच मी बोलते. पण आज मला एक वस्तू दाखवायची आहे. या प्लास्टिकच्या पिशवीत माझ्याच व्हॅनची जुनी क्लच प्लेट आहे. पिशवी तुमच्यात फिरवते, नीट बघा, पण उघडू नका. का ते पुढं सांगते.

२०१६ सालच्या जूनची गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि माझी गाडी चढावर ओढेना. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. क्लच सरकतो म्हणतात तो हा प्रकार. गाडी मारुती ओम्नी, सेकंडहँड घेतलेली. २०१९ मध्ये कंपनीनं ही गाडी बनवायची बंद केली, पण माझी अजून चालते आहे. गॅरेजमध्ये नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग टाकलं. तीन दिवस गाडी उभी होती. ते तीन दिवस मी रिक्षा करून पोरं शाळेत पोचवली, भाडं माझ्या पदरचं.

गाडी हातात आली त्या दिवसापासून पहिला गिअर टाकताना खर्रकन वाजायचं. पंधरा दिवसांत रिव्हर्स पडेनासा झाला. परत नेली. मेस्त्रीनं गाडीखाली डोकंसुद्धा घातलं नाही. म्हणाला, “ताई, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता. बायकांना सवयच असते ती. प्लेट जाळलीत तुम्ही.” शेजारी माझा नवरा उभा होता. त्यानं मान हलवली.

मैत्रिणींनो, मलाही ते खरं वाटलं. महिनाभर मी रस्त्याकडं कमी आणि स्वतःच्या डाव्या पायाकडं जास्त बघत होते. आपल्यावर ठपका आला की आपण आधी स्वतःला तपासायला लागतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आमच्या गल्लीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्यापाशी रडगाणं गायले. ते म्हणाले, “पोरी, माणसं काय म्हणतात ते राहू दे. प्लेट काय म्हणते ते बघू. पण गिअरबॉक्स तूच उतरवायचा. माझे गुडघे गेलेत, मी खुर्चीवर बसून सांगतो.” मग एका रविवारी मी आणि शेजारची शिवणकाम करणारी मैत्रीण, अशा आम्ही दोघींनी तो उतरवला.

आता ही प्लेट बघा. इंजिनाच्या मागं फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. त्याच्यावर ही लहान भाकरीएवढी चकती बसते आणि तिच्यावर प्रेशर प्लेट दाबून धरते. चकतीच्या मधल्या भोकात दाते आहेत, त्यांत गिअरबॉक्सचा शाफ्ट शिरतो. पेडल दाबलं की चकती सुटी होते, सोडलं की इंजिनाबरोबर फिरते. क्लचवर पाय ठेवून चालवलं तर चकतीवरचं अस्तर झिजतं, जळतं, काळं पडतं. माझ्या प्लेटचं अस्तर अगदी जाड आहे, नव्यासारखं. वाकलाय तो मधला दात्यांचा भाग. म्हणून पेडल पूर्ण दाबलं तरी चकती सुटत नव्हती आणि गिअर वाजत होता.

पाय ठेवून हा भाग वाकत नाही. तो वाकतो गिअरबॉक्स चढवताना. काका म्हणाले, दोनच कारणं. एक तर गिअरबॉक्स अर्धवट घुसवून शाफ्टवर लोंबकळत ठेवला असेल, नाहीतर तो बसत नाही म्हणून बोल्ट आवळून ओढून घेतला असेल.

म्हणजे ज्याला आपण पुरुषाची ताकद म्हणतो, तिनंच माझी प्लेट मोडली होती. आणि नाव माझ्या पायाचं झालं होतं.

मग आम्ही तो परत चढवला. कसा चढवला ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण यातलं काहीही ‘बाईच्या आवाक्याबाहेरचं’ नाही, हे ऐकल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही.

पहिली गोष्ट जिवाची. गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली कधीही शिरायचं नाही. चारही बाजूंनी पक्क्या घोड्या लावायच्या, गाडी हलवून बघायची आणि मगच आत जायचं. बॅटरीची वायर सुरुवातीलाच काढायची. हातातल्या बांगड्या, गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवायचं. बॅटरीच्या टोकावर धातूची बांगडी टेकली तर ती लाल होईपर्यंत तापते. माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग काढ की, आंघोळीला काढत नाहीस का?” आपण उगीच घाबरतो. गिअरबॉक्स उतरवला की इंजिनाचा मागचा भाग खाली झुकतो, म्हणून त्यालाही लाकडाचा ठोकळा ठेवून दुसऱ्या जॅकचा आधार द्यायचा.

नवी चकती बसवताना तिची बाजू बघायची. मधल्या स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडं येतो. तेलाचा हात अस्तराला लावायचा नाही. चकती नेमकी मध्यावर राहावी म्हणून डमी शाफ्ट मिळतो, तो भोकातून आत घालायचा आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनं आवळायचे. इथं घाई केली आणि चकती दोराभर जरी बाजूला राहिली, तर पुढं गिअरबॉक्स बसणारच नाही, कितीही जोर लावा. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावायचं, पण कुंकू लावल्याएवढंच. जास्त झालं तर फिरताना उडून अस्तरावर जातं आणि नवा क्लच सरकायला लागतो. बेअरिंग हातानं फिरवून आवाज ऐकायचा.

आता गिअरबॉक्स. वजन असेल पाण्याच्या दोन भरल्या हंड्यांच्या आसपास. ते आपण डोक्यावर आणि कमरेवर घेऊन चाललो तेव्हा कुणी ताकदीचा प्रश्न काढला नव्हता. पण इथं उचलायचाही नाही. जॅकवर फळी ठेवून, त्यावर गिअरबॉक्स बांधून हळूहळू वर न्यायचा. काकांनी एक युक्ती सांगितली. इंजिनाच्या दोन भोकांत डोकी कापलेले लांब बोल्ट घालायचे. त्यांच्यावरून गिअरबॉक्स रुळावरून डबा सरकावा तसा सरकतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातली फट वर, खाली, डावीकडं, उजवीकडं सारखी आहे ना, ते बघायचं. नसेल तर जॅक थोडा वर किंवा खाली घ्यायचा.

दोन बोटं फट राहिली आणि आमचा गिअरबॉक्स अडला. मैत्रीण म्हणाली, ढकलूया का? काका खुर्चीवरून ओरडले, “हात काढा!” मग शांतपणे म्हणाले, “गिअर टाक आणि मागचा शाफ्ट हळू फिरव.” दाते दात्यांसमोर आले नव्हते, एवढंच होतं. मी मागून जरा फिरवला, मैत्रिणीनं पुढं नुसता तळहात टेकवला, आणि तो आत गेला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. चारही बाजूंची फट हातानंच मिटली. ती तशी मिटल्यावरच बोल्ट लावायचे असतात. बोल्ट धरून ठेवण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाहीत.

पुढचं काम स्वयंपाकघर आवरण्यासारखं. मागचं माउंटिंग, स्टार्टर, प्रॉपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याची वायर, क्लचची केबल. उतरवताना मी एकेक वस्तू वहीत लिहिली होती, ती वही उलटीकडून वाचत गेले. गिअर ऑइल भरायला विसरायचं नाही. भरायच्या भोकाच्या काठाशी तेल येईपर्यंत भरायचं. क्लचच्या पेडलला वर थोडी मोकळी चाल ठेवायची, नाहीतर चकती कायम अर्धवट सुटलेली राहते. बॅटरी सगळ्यात शेवटी.

संध्याकाळी इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. आवाज नाही. नवऱ्यानं ती जुनी प्लेट हातात घेऊन बराच वेळ बघितली. बोलला काही नाही. गाडी घोड्यांवरून उतरवताना जॅकचं हँडल मात्र त्यानं मारलं.

दुसऱ्या दिवशी प्लेट घेऊन मी गॅरेजात गेले. मजुरी परत मिळाली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण ‘बायकांची सवय’ हे शब्द तिथं मला पुन्हा ऐकावे लागले नाहीत.

आता पिशवीबद्दल. क्लचच्या अस्तरात पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉस वापरत, आणि कुठल्या प्लेटमध्ये ते आहे हे नुसतं बघून कळत नाही. गॅरेजात ती धूळ हवेच्या पाइपानं उडवतात. ती छातीत बसली तर पुढं कित्येक वर्षांनी फुप्फुसाचे आजार होतात, कर्करोगसुद्धा. म्हणून धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, कधीच उडवायची नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याबद्दल आणि भरपाईबद्दल निकाल दिला. पण या कामगारांचे कपडे घरी कोण धुतं? नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना हे आजार झाल्याचं जगभर नोंदलं गेलं आहे. म्हणजे गॅरेजात आपल्याला जागा नाही, पण तिथली धूळ आपल्या मोरीपर्यंत येते.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९४८ च्या कारखाने कायद्यात २२ वं कलम होतं. चालू यंत्राच्या फिरत्या भागापासून इजेचा धोका असेल, तर ते साफ करणं, त्याला तेल देणं, त्याची जुळवणी करणं हे काम स्त्रीला आणि अल्पवयीनांना देऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. बाई आणि पोर एका ओळीत! हेतू संरक्षणाचा असेल. पण फिरत्या पट्ट्यात बोट सापडलं तर पुरुषाचंही तुटतं. यंत्राला जाळी लावा, सगळ्यांसाठी लावा. संरक्षणाच्या नावाखाली बाईला यंत्रापासून लांब ठेवलं की तिला यंत्र कळत नाही, आणि कळत नाही म्हणून पुन्हा लांब ठेवता येतं.

आपल्या संघटनांनाही एक सांगायचं आहे. आपण बायकांना गाडी शिकवतो, लायसन्स काढून देतो, फोटो काढतो. बॉनेट मात्र बंदच राहतं. चालवणं आपलं आणि दुरुस्तीचा शब्द दुसऱ्याचा, असं किती दिवस चालायचं? प्रत्येक चालक प्रशिक्षणात दुरुस्तीचे तास हवेत. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गात आपल्या मुलींची नावं घालायला आपण स्वतः जाऊया, आणि तिथं मुलींसाठी संडास आहे का हेही त्याच दिवशी बघून येऊया. काकांसारखी शिकवणारी माणसं गावोगावी आहेत, त्यांना शोधूया. आणि शिकलेल्या बाईकडून संघटनेची जीप दुरुस्त करून घेतली तर तिला पूर्ण मजुरी देऊया, ‘आपलीच आहे’ म्हणून फुकट राबवूया नको.

मी आणि माझ्या मैत्रिणीनं त्यानंतर आणखी दोन व्हॅनचे क्लच बदलले. दोन्ही गाड्या बायकाच चालवतात. तिसरी गाडी येत्या रविवारी येणार आहे. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी जुने कपडे घालून या. वही मी देते.